पाठीवर सिलिंडर असेल तर हातात भाला नको : मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

हिवाळी अधिवेशनात मोर्चे अडवतात त्या मॉरिस कॉलेज चौकात मी माशांसाठी फलक घेऊन उभा राहिलो, तर बंदोबस्तातले पोलिसही हसतील. म्हणून पत्र लिहितो आहे.

मी नागपूरचा. इथून मालवण हजारेक किलोमीटर, तरी दर हिवाळ्यात रजा साठवून डायव्हिंगला जातो. पहिले धडे तारकर्लीला गिरवले. मासे खातो, आवडीनं खातो, तेव्हा हा शाकाहाराचा प्रचार समजू नका. मागणी एवढीच आहे की पाठीवर हवेचं सिलिंडर लावून स्पिअरगननं (भाल्यासारखा बाण सोडणाऱ्या बंदुकीनं) मासे मारायला राज्याच्या समुद्रात आणि जलाशयांत साफ बंदी घाला. एका दमात बुडी मारून जो शिकार करतो, त्याला यातून वगळा. त्याला मिनिटभरात वर यावंच लागतं आणि बहुतेक वेळा तो रिकाम्या हातानं येतो. सिलिंडरवाला मात्र कपारीसमोर वीस मिनिटं ठाण मांडून बसू शकतो. मग मासा लपणार कुठे?

हे मी पाहिलं आहे. ठिकाण सांगत नाही. अठरा मीटरवर खडकाखाली एक मोठा गोबरा होता, तुमच्याकडे कोणी हेकरूही म्हणेल. कल्ले हलवत, तोंड उघडमीट करत तो आमच्याकडे बघत होता, पळाला नाही. रोज पर्यटक येऊन फोटो काढतात, बुडबुड्यांचा आवाज त्याच्या सरावाचा झालेला. आमच्यातल्या एकानं हातभर अंतरावरून बाण सोडला. ज्या माशाला आम्हीच माणसाळवलं, त्याला असं मारण्यात कसली आली शिकार?

गोबऱ्याचं एक वैशिष्ट्य आपल्या खात्यातल्या अधिकाऱ्यांना ठाऊकच असेल. त्याच्या बहुतेक जाती आधी मादी असतात आणि वाढल्यावर त्यांतले काही नर होतात. म्हणजे सगळ्यात मोठा मासा निवडून मारला, की त्या खडकावरचा नरच जातो. ‘आम्ही जाळंवाल्यांसारखे पिल्लं मारत नाही, निवडून मारतो’ हे समर्थन मी बोटीवर नेहमी ऐकतो. पण इथे नेमकी ती निवडच घातक ठरते. शिवाय मास्कच्या काचेतून मासा असतो त्याच्या एक-तृतीयांश मोठा दिसतो, त्यामुळे निवडीचाही फार भरवसा नाही. महाकाय गोबऱ्याला तर वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. बाण सुटल्यावर जात ओळखून काय उपयोग?

आता माणसाच्या जिवाचं. बाण लागलेला तो गोबरा कपारीत घुसला, फुगला आणि अडकला. दोरी बंदुकीला बांधलेली, बंदूक आमच्या भिडूच्या हातात. तो ओढत राहिला. अठरा मीटरवर पाण्याचा दाब जवळपास तिप्पट, म्हणजे प्रत्येक श्वासाला हवाही जवळपास तिप्पट लागते. त्यात झटापट. मी त्याचा गेज (सिलिंडरमध्ये किती हवा उरली ते दाखवणारी तबकडी) ओढून बघितला तर काटा चाळीसवर आलेला. पन्नास बार राखून वर यायचं, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. वर येतानाही मिनिटाला नऊ मीटरच्या वर जायचं नाही, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, नाहीतर रक्तात मुरलेला नायट्रोजन बुडबुडे होऊन सांध्यांत आणि मणक्यात बसतो. घाबरून दम रोखला तर फुप्फुस फाटतं. त्या दिवशी मी दोरी कापली. मासा तिथेच बाणासकट मेला असणार. भिडू माझ्यावर दोन दिवस रुसला होता, बाणाचे पैसेही मागत होता.

ही मागणी जगावेगळी नाही. फ्रान्स, इटली आणि ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये स्कूबा, म्हणजे हवेचं सिलिंडर, लावून भाल्यानं मासे मारता येत नाहीत. कोणी फ्लोरिडाच्या लायनफिशचा दाखला देईल. तिथे तो बाहेरून आलेला उपद्रवी मासा आहे, म्हणून त्याला डायव्हरकडून मारवतात. आपल्या समुद्रात तो मूळचाच रहिवासी आहे.

आणखी एक गोष्ट नागपूरकर म्हणून बोचते. पेंचच्या जंगलातल्या तोतलाडोह जलाशयात पोटासाठी जाळं टाकणाऱ्याला वनखातं पकडतं. जंगलाचा नियम आहे, ठीक. मग हौसेसाठी बंदूक घेऊन उतरणाऱ्याला कोकणात मोकळीक का असावी?

१९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यानं कुठल्या भागात कुठलं साधन चालेल हे ठरवण्याचा अधिकार सरकारला दिला आहे. तो वापरून आदेश काढा. तो फक्त मालवणच्या अभयारण्यापुरता नको, ते जेमतेम २९ चौरस किलोमीटरचं आहे. डायव्हिंगच्या बोटीवर सिलिंडर आणि स्पिअरगन एकत्र सापडली तरी कारवाई व्हावी, नाहीतर पाण्याखाली बघायला कोण जाणार? आणि आंग्रिया बँक, म्हणजे समुद्रात बुडालेलं प्रवाळाचं पठार, बारा सागरी मैलांच्या पलीकडे आहे, तिथे केंद्राचं चालतं. त्यासाठी दिल्लीला आपल्याच खात्यानं लिहावं.

अधिवेशनात पाच मिनिटं दिलीत तर येतो. कापलेल्या दोरीचा उरलेला तुकडा अजून माझ्याकडे आहे, तो आणीन. बंदूक विधानभवनाच्या फाटकावर आत सोडणार नाहीत.

आपला,
एक नागपूरकर डायव्हर