छोट्या दाव्यांसाठी स्वयंसेवक मध्यस्थ हवेत

मा. संपादक,
स. न.

राष्ट्रीय लोकअदालत झाली की दुसऱ्या दिवशी निकाली प्रकरणांचा आणि वसुलीच्या कोटींचा आकडा छापून येतो. बँकेत नोकरीला असताना मीही फायलींची चवड घेऊन लोकअदालतीला बसलेली आहे, म्हणून सांगते. त्या आकड्यात मोठा वाटा थकीत कर्जं, घरपट्टी-पाणीपट्टी, वीजबिलं आणि वाहनांची चलनं यांचा असतो. त्यातली बरीच प्रकरणं तर कोर्टात दाखलही झालेली नसतात. थकबाकीदार येतो, व्याजात किती सूट मिळेल ते विचारतो, सही करून जातो. त्यात वाईट काहीच नाही. पण त्याच गर्दीत दोन माणसांमधला तीस-चाळीस हजारांचा वाद पुढं आला की पॅनलकडं त्याच्यासाठी वेळ उरत नाही. ‘बघा, मिटतंय का?’ एवढं विचारून होतं, दोघंही नकारार्थी माना हलवतात आणि प्रकरण होतं तिथं परत जातं.

आपल्या कोल्हापुरातले असे वाद म्हणजे राजारामपुरीत खोली सोडून गेलेल्या पोरांचं अडकलेलं डिपॉझिट, ‘माल रिजेक्ट झाला’ म्हणून थांबवलेलं उद्यमनगरातलं जॉबवर्कचं बिल, फुटलेली भिशी, लग्न मोडल्यावर परत न मिळालेला मंगल कार्यालयाचा ॲडव्हान्स, पै-पाहुण्यांतले हातउसने. मुंबई, पुण्यात लघुवाद न्यायालयं तरी वेगळी आहेत. आपल्याकडं असे दावे कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढं, वाटणी आणि मनाईहुकमाच्या रांगेतच उभे राहतात. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, सहा जिल्ह्यांची मुंबईवारी वाचली, याचा आनंद सगळ्या शहराला झाला आणि तो रास्तच होता. फक्त डिपॉझिटसाठी भांडणाऱ्या माणसाचा त्या बेंचशी सहसा संबंध येत नाही.

शिवाय दावा जिंकला म्हणजे पैसे मिळाले असं नाही. हुकूमनामा हातात आला की पुढं दरखास्त, म्हणजे वसुलीसाठी कोर्टात पुन्हा अर्ज. समोरच्याची मालमत्ता कुठं आहे ते आपणच शोधायचं, बेलीफाच्या मागं फिरायचं, समोरच्याच्या हरकती ऐकायच्या. चाळीस हजारांसाठी एवढं कोण करतो?

म्हणून माझी सूचना अशी की कनिष्ठ स्तर न्यायालयांत आठवड्यातून एक दिवस ठरवून स्वयंसेवक मध्यस्थ बसवावेत आणि प्रतिवादी पहिल्यांदा हजर होईल त्याच दिवशी दोघांना त्यांच्यापुढं पाठवावं. अमेरिकेत अनेक ठिकाणी छोट्या दाव्यांच्या कोर्टांत हेच चालतं. पक्षकार सकाळी येतात, स्वयंसेवक त्यांना बाजूच्या खोलीत नेतो, जमलं तर कागद करतात, नाही जमलं तर त्याच दिवशी पुन्हा न्यायाधीशांपुढं उभे राहतात. इंग्लंडमध्ये 22 मे 2024 पासून 10,000 पौंडांपर्यंतच्या पैशांच्या दाव्यात तासाभराची फोनवरची मध्यस्थी सक्तीचीच केली आहे. तिथले मध्यस्थ मात्र न्यायालयाचे नोकर असतात. मला अमेरिकेतली पद्धत आपल्या जवळची वाटते, कारण आपल्याकडं निवृत्त माणसांचा तुटवडा नाही.

आपल्या न्यायसंकुलात मध्यस्थी होतेच, असं कुणी म्हणेल. होते, पण तिथं बसतात ते मुख्यतः वकील आणि न्यायाधीश. हिशेबाच्या भांडणात कायद्याइतकीच दुसरी एक माहिती लागते, ती म्हणजे समोरच्याकडं पैसा कधी येतो. करवीर, कागलकडच्या माणसाला ‘दरमहा पाच हजार’ म्हणून बांधलं तर तो तिसऱ्या महिन्यात चुकणार. त्याचा पैसा उसाच्या बिलाला येतो, दूध संस्थेच्या दहा दिवसांच्या बिलाला येतो, दिवाळीच्या दूध फरकाला येतो. हप्ता त्याच तारखांना लावला तर तो भरतो, हे मी कर्जवसुलीत पाहिलंय. रिजेक्ट झालेल्या कास्टिंगचा वाद असेल तर फौंड्रीत हयात घालवलेला सुपरवायझर दोन प्रश्नांत दोष साच्याचा की मशिनिंगचा हे हेरतो. निकाल त्यानं द्यायचाच नाही. पण दोघांनाही कळतं की याच्यापुढं थापा चालणार नाहीत.

अशी माणसं कायद्यालाही परकी नाहीत. ग्रामन्यायालयांच्या 2008 च्या कायद्यात समेटासाठी सामाजिक कार्यकर्त्यांची यादी करायला सांगितलेलं आहे. 2023 च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीसाठी परिसरातल्या प्रतिष्ठित माणसांनाही घेता येईल असं तिघांचं पॅनल आहे. मात्र त्या कायद्याची 9 ऑक्टोबर 2023 पासून जी कलमं लागू झाली, त्यांत सामुदायिक मध्यस्थीची कलमं नव्हती. त्यातही मेख अशी की त्या मार्गानं झालेल्या समझोत्याला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ नाही. खेड्यांना 2007 पासून तंटामुक्त गाव मोहीम तरी मिळाली, शहराच्या वाट्याला तेही आलं नाही. म्हणूनच हे काम कोर्टाच्या आवारातच व्हावं, तडजोड पुरसीस, म्हणजे दोघांनी सही केलेला समझोत्याचा कागद, त्याच दिवशी न्यायाधीशांपुढं दाखल व्हावी आणि तिच्यात एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम एकदम देय, हे कलम असावं.

एक आक्षेप मात्र मला खरंच खरा वाटतो. मिटवामिटवीत पडतं घेतो तो बहुधा गरीबच. शोरूमवाल्यानं कामगाराचा तीन महिन्यांचा पगार बुडवला आणि मध्यस्थ त्याला म्हणाला, ‘निम्मे घे, कोर्टात काय मिळणार आहे?’ तर ती मध्यस्थी नव्हे, दमदाटीच. मजुरीचे दावे या यादीत घेऊच नयेत असं माझं मत आहे. बाकीच्या दाव्यांतही कुणी ‘नाही’ म्हटलं तर त्याची नोंद कुठंही होता कामा नये आणि खोलीत बोललेलं न्यायाधीशांच्या कानावर जाता कामा नये. मध्यस्थ दोघांपैकी कुणाच्याही पेठेतला, तालमीतला नसावा. आजी-माजी नगरसेवक तर नकोतच. पेठेत दोन्ही बाजूंना बसवून मिटवायची आपली जुनी रीत आहे, पण तिथं माणूस कबूल होतो तो पुष्कळदा मिटवणाऱ्याच्या शब्दाखातर किंवा भीतीपोटी.

वकील मंडळींची फी बुडेल ही शंका कुणी उघड बोलत नाही, पण असते. या रकमेच्या दाव्यात फी मुळात फारशी नसते, आणि पुरसीस तयार करायला वकील लागतोच.

मध्यस्थाला 40 तासांचं प्रशिक्षण लागतं. ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणानं द्यावं, बार असोसिएशननं आक्षेपार्ह नावं गाळावीत आणि आधी एकाच न्यायालयात करून बघावं. निवृत्त शिक्षक, बँकवाले, महावितरणचे अभियंते, नर्स यांच्याकडून अर्ज मागवा. बसभाडं आणि चहा मिळाला तरी पुरे. माझ्या जुन्या बँकेची प्रकरणं सोडून बाकी कुठल्याही दाव्याला बसायला मी तयार आहे.

आपली,
एक निवृत्त बँक अधिकारी,
कोल्हापूर