एफआयआरच्या कॉपीसोबत एक कागद द्या

संपादक महोदय,

गुन्ह्यात जखमी झालेल्या माणसाला सरकारी भरपाई मागता येते हे आम्हाला घटनेनंतर सात महिन्यांनी कळलं, तेही दुसऱ्याच कामाला कोर्टात गेलो होतो तेव्हा एका वकिलांच्या तोंडून, म्हणून हे पत्र लिहितेय.

माझ्या धाकट्या भावाला रात्रपाळीवरून घरी येताना दोघांनी अडवलं, मोबाइल हिसकावला आणि हातावर चाकूने वार केला. बोटांच्या शिरा तुटल्या, दोन ऑपरेशनं झाली, आईच्या बांगड्या गहाण पडल्या आणि काम मशीनवरचं असल्यामुळे नोकरीही गेली. पोलिसांनी एफआयआर घेतली, पंचनामा केला, कॉपी दिली, त्याबद्दल काहीच तक्रार नाही. पण आता आम्ही काय करायचं असं विचारलं की उत्तर एकच, आरोपी सापडू दे मग बघू. ते अजून सापडलेले नाहीत.

कायदा तर याच्या उलट सांगतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम 357 अ, जे 2009 च्या शेवटी लागू झालं आणि आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 396 म्हणून आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की आरोपीचा पत्ता लागला नाही, खटलाच उभा राहिला नाही, तरी पीडित किंवा त्याच्यावर अवलंबून असणारे लोक विधी सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, अर्ज करू शकतात आणि प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पूर्ण करायची असते. इतकंच नाही, पोलीस ठाण्याच्या प्रमुखाने दाखला दिला तर तातडीच्या उपचाराची सोय मोफत करण्याचा आदेश प्राधिकरण देऊ शकतं. हा दाखला आम्हाला त्या रात्री मिळाला असता तर! कोणी मुद्दाम लपवलं असं मी म्हणत नाही, सांगायची पद्धतच नाहीये.

बायका आणि मुलांसाठी तर बरंच काही आहे. बलात्कार, अॅसिड हल्ल्यासारख्या गुन्ह्यांतल्या पीडितांना आर्थिक मदत देणारी आपल्या राज्याची मनोधैर्य योजना 2013 पासून आहे, महिलांसाठी 181 हेल्पलाइन आहे, सगळी मदत एकाच ठिकाणी देणारी सखी वन स्टॉप सेंटर आहेत, बलात्कार किंवा अॅसिड हल्ल्यातल्या पीडितेवर खासगी हॉस्पिटलनेसुद्धा लगेच मोफत उपचार करायचेच असतात, नाही केले तर एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. पण रात्री दोन वाजता पोरीला घेऊन कॅज्युअल्टीत उभ्या असलेल्या आईला हे कोण सांगणार?

माझी मागणी साधी आहे. एफआयआरची कॉपी फुकट द्यावीच लागते ना, मग तिच्यासोबत मोठ्या अक्षरात, सोप्या मराठीत छापलेला एक कागद द्या. त्यावर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता असू दे, मोफत कायदेशीर मदतीचा 15100 नंबर असू दे, ऑनलाइन फसवणुकीसाठी 1930 असू दे, आणि तपास कुठवर आला हे पोलिसांनी 90 दिवसांच्या आत कळवायचं असतं हेही असू दे. तुम्हालाही विनंती, गुन्ह्याच्या बातमीखाली हे नंबर चौकटीत छापाल का?

भावाचा अर्ज आता दिलाय. त्यासोबत औषधांची बिलं जोडायची होती, निम्मी सापडलीच नाहीत, कारण ती जपून ठेवायची असतात हेसुद्धा तेव्हा कोणी बोललं नव्हतं. त्या कागदावर हे सगळ्यात वर लिहा.

एक बहीण