गाठीत बसलाय कोण ते तरी बघा

मा. संपादक साहेब,

खरिपात युरियाच्या रांगेचा फोटो तुमच्या पेपरात दरसाल येतो, यंदाही आला, पण तुरीच्या मुळावरच्या गाठीत हवेतला नायट्रोजन फुकटात धरला जातो त्यावर दोन ओळी कधी दिसल्या नाहीत म्हणून लिहितोय.

यंदा दुकानातून तुरीचं रायझोबियम कल्चर, म्हणजे गाठीत राहून नायट्रोजन धरणाऱ्या जिवंत जिवाणूंचं पाकीट आणलं, गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळलं, सावलीत पोत्यावर सुकवलं, सगळं सांगतात तसंच केलं. बांधाकडच्या चार तासांना, म्हणजे पेरणीच्या ओळींना मात्र ते पुरलं नाही. दीड महिन्यानं झाडं मातीसकट काढली, मुळं बादलीत धुतली अन् गाठी नखानं फोडल्या तर कल्चरवाल्या पांढऱ्याफट, आणि बांधाकडच्या बिनकल्चरच्या गुलाबी! चांगली गाठ आतून गुलाबीच लागते बघा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा चुलतभाऊ तिथं असतो, तो ऑक्सिजन आवरून धरतो, नाहीतर नायट्रोजन धरणारं एन्झाइम बिघडतं. पांढरी गाठ म्हणजे झाडाची साखर खाऊन नुसता बसलेला पाहुणा.

दुकानदाराला विचारलं तर म्हणला उन्हानं मेलं असेल. बरं, मेलं, मग गाठीत बसलाय कोण?

हे डोळ्याला काय, मायक्रोस्कोपलाही सांगता येत नाही. माझी पुतणी मायक्रोबायोलॉजी शिकते, ती म्हणली काका, गाठ वरून स्पिरिटनं धुवायची, ठेचायची, आतले जिवाणू बशीत वाढवायचे आणि त्यांचा जीनोम सिक्वेन्स करायचा, म्हणजे त्यांच्या डीएनएची सगळी अक्षरं ओळीनं वाचायची, मग कळतं पाकिटातला कोण अन् आपल्या काळ्या रानातला कोण. सोयाबीनच्या जिवाणूचा पूर्ण जीनोम जपानमध्ये २००२ लाच वाचून झालाय, साधारण ९१ लाख अक्षरं. माणसाचा ३०० कोटींवर आहे, त्यापुढं हे काहीच नाही.

आणि हे जिवाणू लई चालू असतात. न्यूझीलंडमध्ये लोटस नावाच्या चारापिकाला एकच स्ट्रेन, म्हणजे जिवाणूचा एकच वाण लावला होता, सात वर्षांनी त्याच रानात गाठींमधून भलतेच जिवाणू निघाले, कारण गाठ करायच्या जीन्सचा जवळपास ५ लाख अक्षरांचा तुकडा तिथल्या मातीतल्या जिवाणूंनी अख्खा उचलला होता. ऑस्ट्रेलियात बायसेरुला नावाच्या पिकात तर सहा वर्षांत असे उचलेगिरीवाले निघाले की गाठ करायला शिकले, नायट्रोजन धरायला नाही! माझ्या पांढऱ्या गाठींत असलंच काही झालंय का, हे तपासल्याशिवाय कोण सांगणार.

तुरीचा जीनोम हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेनं आणि सोबतच्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये मांडला. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रानं बीडीएन ७११ सारखा तुरीचा वाण दिला, तो आम्ही पेरतोही. आता परभणीच्या कृषी विद्यापीठानं मराठवाड्यातल्या गाठींतल्या जिवाणूंचंही असं वाचन करावं आणि काय निघालं ते मराठीत शेतकऱ्याला सांगावं, इंग्रजी शोधनिबंधात छापून मोकळं होऊ नये. माझ्या पाकिटावर पिकाचं नाव होतं, एक्स्पायरी होती, पण स्ट्रेनचा नंबर मला तरी सापडला नाही. बियाण्याचा वाण बघून घेतो, मग जिवाणूचा काहून नाही?

कुणाला नमुने पायजे असतील तर फुलोऱ्याच्या आत या, नंतर गाठी मातकट पडून वाया जातात. बांधाकडच्या त्या चार तासांना मी खुणेला लाल चिंधी बांधून ठेवलीय.

– एक तूरवाला शेतकरी, ता. औसा, जि. लातूर