सूचना : कण्हेरीची छाटणी आणि आपली कुत्री

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी मागच्या कुंपणालगतची कण्हेर छाटायची आहे. फांद्या उचलून होईपर्यंत कुत्र्यांना त्या बाजूला फिरायला नेऊ नये, ही विनंती.

कण्हेरीचं पान, फूल, खोड, मूळ, सगळंच विषारी. तिच्यातलं ओलिअँड्रिन थेट हृदयाचे ठोके बिघडवतं. पान वाळलं म्हणून विष जात नाही. हिरवं पान कडू लागतं, म्हणून कुत्रं बऱ्याचदा टाकून देतं. वाळक्या काडीशी मात्र खेळत बसतं. मागच्या छाटणीनंतर आमच्या पिल्लाने अशीच एक काडी जिन्याखाली आणली होती. पुढच्या दोन पंजांत घट्ट धरून साल सोलत होतं. वेळीच ओढून घेतली, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून या वेळी पालापाचोळा त्याच दिवशी गोणीत भरायचा. तो कुणीही जाळू नये, धूरसुद्धा बाधतो. घरात कण्हेरीची फुलं पाण्यात ठेवत असाल, तर ते पाणीही कुत्र्याच्या तोंडाला लागू देऊ नका.

पिवळ्या फुलांची बिट्टीही तितकीच घातक. तिच्या बिया मुलांनीही उचलू नयेत. जास्वंद, गुलाब, मोगरा यांची चिंता नको.

कुत्र्याने कण्हेर चावलीच, तर लाळ, उलटी, जुलाब, सुस्ती दिसायची वाट पाहू नका. घरी मीठपाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. चावलेली काडी सोबत घ्या आणि तडक पशुवैद्यांकडे जा.

आपली,
बाग समिती