त्यांना अडाणी म्हणू नका, संपादकसाहेब

संपादक महोदय, स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला लसीकरणावरचा लेख वाचला, बाकी ठीक आहे पण अमेरिकेतले कृष्णवर्णीय लोक कोविडच्या लसीला का कचरत होते याचं उत्तर 'शिक्षण कमी आणि अफवा' एवढ्यावरच उरकलंय. आमच्या इथल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर पण तेव्हा हेच चालायचं, म्हणून राहवलं नाही. मी अटलांटाजवळ फार्मसीत काम करते, २०२१ मध्ये रोज लसी टोचल्यात.

अफवा होत्याच, नाही कोण म्हणतंय. पण इथून गाडीने दोनेक तासांवर, शेजारच्या अलाबामात, टस्कीगी आहे. तिथे १९३२ पासून सरकारच्याच पब्लिक हेल्थ सर्व्हिसने ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर 'अभ्यास' केला, त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस हा गुप्तरोग होता पण सांगितलं काय तर तुमचं रक्त खराब आहे, तपासणी फुकट, त्या दिवशीचं जेवण फुकट, मेलात तर अंत्यविधीला पैसे देऊ फक्त शवविच्छेदन करू द्या. १९४७ पर्यंत पेनिसिलिन हा नेहमीचा उपचार झाला होता तरी यांना मुद्दाम दिलं नाही, रोग शेवटपर्यंत कसा जातो ते बघायचं होतं ना! १९७२ ला पेपरात बातमी फुटली तेव्हा कुठे थांबलं, आणि क्लिंटननी माफी मागितली १९९७ ला. प्लेगच्या वेळी सोल्जर घराघरात घुसले म्हणून रँडचं नाव आपल्याला सव्वाशे वर्षांनी पण पाठ आहे, मग यांनी टस्कीगी विसरावं असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

खरं सांगायचं तर आमच्या काउंटरवर टस्कीगीचं नाव फारसं निघायचंच नाही. लोक बोलायचे ते आत्ताआत्ताचं, बहिणीला इमर्जन्सीत तासन् तास बसवून ठेवलं, आई दुखतंय म्हणत होती तर डॉक्टरने मान वर करून बघितलं नाही. सत्तरीचे एक काका आले, लस घ्यायला नाही, नुसते विचारायला. तू घेतलीस का, कुठल्या हाताला, आणि रात्री ताप चढला तर फोन कुणाला करू, तू उचलशील का? मी सगळं सांगितलं, दुकानाचा नंबर कागदावर लिहून दिला, तो त्यांनी घडी करून पाकिटात ठेवला आणि निघून गेले. नंतर बायकोला घेऊन आले आणि दोघांनी टोचून घेतली. यात अडाणीपणा कुठे आहे? मला विचाराल तर आपल्याकडचे शिकलेले लोक पण एवढं विचारत नाहीत.

आणि त्यांचा संशय हवेतला नव्हता. कोविडमध्ये आपण घरोघरी बोटाला लावायचो ते ऑक्सिमीटर आठवतंय का? डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन युनिव्हर्सिटीच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की ऑक्सिजन खरोखर कमी असताना मशीन मात्र 'ठीक आहे' म्हणतं, असं कृष्णवर्णीय पेशंटच्या बाबतीत गोऱ्यांपेक्षा जवळपास तिप्पट वेळा होतं. (आपण पण काही फार गोरेपान नाही, हे जाता जाता.)

आता आकडे बघा. आरोग्याविषयी सर्व्हे करणाऱ्या केएफएफ या अमेरिकन संस्थेच्या डिसेंबर २०२० च्या सर्व्हेत ३५ टक्के कृष्णवर्णीय म्हणत होते की लस नक्की नाही किंवा बहुतेक नाही घेणार. त्यांच्याच सप्टेंबर २०२१ च्या सर्व्हेत निदान एक डोस घेतलेले गोरे ७१ टक्के, कृष्णवर्णीय ७० टक्के! नऊ महिन्यांत काय सगळ्यांनी डिग्र्या घेतल्या? फिलाडेल्फियात डॉ. अला स्टॅनफर्डनी आधी चर्चच्या पार्किंगमध्ये कोविडच्या टेस्ट केल्या, मग तशाच वस्तीत जाऊन लसी दिल्या, मेरीलँडमध्ये न्हाव्याच्या दुकानांतून हे काम झालं, जिथे आधीपासून ओळखीचा माणूस होता तिथे लोक आले. बाकी सुरुवातीला जे आलेच नाहीत त्यातल्या कितीतरी जणांना ऑनलाइन स्लॉटच मिळत नव्हता, लॅपटॉप उघडून बसलेले लांबलांबचे लोक त्यांच्या वस्तीतले स्लॉट उडवायचे, आणि नाव मात्र यांचं खराब.

सप्टेंबरच्या त्याच सर्व्हेत सगळ्यात मोठी दरी वर्णाची नव्हतीच, पक्षाची होती, निदान एक डोस घेतलेले डेमोक्रॅट ९० टक्के आणि रिपब्लिकन ५८. रिपब्लिकनांना आमच्या ग्रुपवर कुणी अडाणी म्हटल्याचं मला तरी आठवत नाही, उलट 'त्यांचं स्वातंत्र्य' वगैरे चर्चा व्हायची. हे आकडे केएफएफच्या साइटवर फुकट बघायला मिळतात, पुढच्या लेखात तेवढे तरी छापा.

आपली एक वाचक,
अटलांटा, जॉर्जिया