आबांचं पंपिंग

प्रिय बापू,

आबांच्या हृदयाचं पंपिंग ३५ टक्क्यांवर आलंय. फोनवर सांगितलं असतं तर तू लगेच दादाला फोन लावला असतास आणि दोघांनी मिळून आबांना घेरलं असतं, म्हणून लिहितोय. बाकी घरी सगळे बरे, आईचे गुडघे नेहमीसारखे.

फाल्गुनात दम लागायला लागला. आडवं झालं की घुसमट, म्हणून दोन उशा. संध्याकाळी पाय सुजलेले, बोट दाबलं तर खळगा तसाच राहायचा. टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला. रिपोर्ट बघून दादा म्हणाला, ६५ टक्के हृदय गेलं! आई तिथेच रडायला लागली. तसं नसतं रे ते. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्यात साधारण १२० मिली रक्त भरतं आणि एका ठोक्याला त्यातलं ७० मिलीच्या आसपास बाहेर जातं. म्हणजे धडधाकट माणसाचंही पंपिंग ५५ ते ७० टक्केच. शंभर कुणाचंच नसतं, तुझंसुद्धा नाही.

कधीतरी अ‍ॅटॅक येऊन गेला असणार, म्हणाले. शुगर असली की छातीत दुखेलच असं नाही. तेवढा स्नायू मेला, तो आता आवळत नाही. मला सारखा वारीतला दिवे घाट आठवतो. आबा मधेच बसले, पित्त झालंय म्हणाले, तू त्यांची पिशवी घेतलीस तर तुझ्यावरच खेकसले. तेव्हाच काही झालं असेल का रे?

आबांनी डॉक्टरांना विचारलं, "म्हणजे मोटर जळाली म्हणा की." ते हसून म्हणाले, "जळाली नाही आबा, पाणी कमी फेकतीय."

आता खरी गोष्ट. त्यांना यंदाही वारीला चालत जायचंय. ठोके आवरायची एक गोळी आहे, तिने अंग जड होतं, असं आबा म्हणतात. परवा आईला त्याच गोळ्या उशीच्या अभ्र्यात सापडल्या. माझा जीव तिथे अडकलाय. नाडी संथ झाली की दोन ठोक्यांच्या मधे कप्पा नीट भरतो, आणि हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं तेही मुख्यतः त्या सैल पडण्याच्या वेळातच. हे मी त्यांना तीनतीनदा सांगितलं. "मला नाडी शिकवतोस?" म्हणाले.

बसल्या जागी मिनिटाला पाचेक लिटर रक्त फिरलं तरी भागतं. आबांचा कप्पा ताणून मोठा झालाय, त्यामुळे टक्के कमी असूनही तेवढं निघतं. म्हणून तर पारावर बसून तासभर भांडतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. पण घाट चढायचा तर त्याच्या दुप्पट-तिप्पट लागतं. ते आणायचं कुठून? मग रक्त मागे फुफ्फुसांत तुंबतं. मूत्रपिंडांना वाटतं शरीरात रक्तच कमी पडलंय, ती मीठ-पाणी धरून ठेवतात, आणि ओझं आणखी वाढतं. म्हणून पापड-लोणचं बंद, पाणी मोजून, रोज सकाळी वजन. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर डॉक्टरांना फोन करायचा.

दादा म्हणतो, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. मला ते पटत नाही. डॉक्टरांनी सपाटीवर चालायला सांगितलंय, चालताना बोलता आलं पाहिजे एवढंच. औषधं नेमाने घेतली तर पंपिंग सुधारूही शकतं. जेठात पुन्हा एको आहे. तो बरा आला आणि डॉक्टर हो म्हणाले, तर पंढरपूरच्या अलीकडच्या वाखरीपर्यंत गाडीने आणि तिथून जमेल तेवढं पायी, असं माझ्या मनात आहे. ते नाही म्हणाले तर गाडीनेच पंढरपूर. पण गोळी बुडवली तर यातलं काहीच नाही.

हे त्यांना तू सांग. सोसायटीच्या निवडणुकीत तू विरोधी पॅनेलला मत दिलंस, ते मी विसरलेलो नाही; पण आबांनी तेही माफ केलं, इतका तू त्यांचा लाडका. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील.

धाकटीच्या अ‍ॅडमिशनचं काय झालं? स्लॅब झाला का? वहिनींना नमस्कार.

येत्या रविवारी ये. सकाळीच ये, गोळीची वेळ आठची आहे. आणि येताना भडंग आणू नकोस, आबा पहिले तुझी पिशवी तपासतात.

तुझा,
नाना