आन्योनेहून पत्र

आन्योने, मोलीझे, इटली
28 डिसेंबर

ती. आई, बाबा आणि आजी यांस शि. सा. नमस्कार.

फोनवर बरंचसं सांगितलं आहे, पण आवाज सारखा तुटत होता आणि आजीला निम्मं ऐकूच आलं नाही म्हणे. म्हणून हे पत्र, मुद्दाम मोठ्या अक्षरात. बाबा, आजीला वाचून दाखवा, आणि कंटाळा आला म्हणून मधलं गाळू नका.

नाताळात बोलोन्याचं हॉस्टेल ओस पडतं. मागच्या वर्षी 25 तारखेला मी खोलीत बसून मॅगी खाल्ली होती, हे लॅबमधल्या मैत्रिणीला कळलं. यंदा तिनं मला विचारलंच नाही, परस्पर माझं तिकीट काढलं. आगगाडीनं तेर्मोलीपर्यंत चारेक तास, तिथून तिच्या भावाच्या गाडीतून वर डोंगरात. रस्ता वरंध घाटासारखा, फक्त माकडं नाहीत. इटलीत एक जुना विनोद आहे, की मोलीझे नावाचा प्रांत मुळात अस्तित्वातच नाही. लोकसंख्या तीन लाखांच्या आत, आणि 1963 पर्यंत तो शेजारच्या अब्रुत्सोतच मोडायचा. मी निघाले तेव्हा लॅबमधल्या सगळ्यांनी हा विनोद एकेकदा करून घेतला.

गाव आठशे मीटरवर आहे. दगडी घरं, अरुंद बोळ, प्रत्येक वळणावर चर्च. निम्म्या घरांना एरवी कुलूप असतं. आधीच्या पिढ्या अर्जेंटिनाला गेल्या, आताची मुलं रोमला नाहीतर मिलानला. नाताळात मात्र कुलपं निघतात, खिडक्यांवर गाद्या वाळत पडतात, चौकात गाडी लावायला जागा उरत नाही. गणपतीत चाकरमानी आल्यावर कोकणातलं गाव दिसतं ना, तसं.

मैत्रिणीची आजी 86 वर्षांची. तिला सगळे नोन्ना, म्हणजे आजी, म्हणतात, म्हणून मीही. चुलीजवळ बसून दिवसभर लोकरीचे मोजे विणते आणि न बघता टाके मोजते. माझं इटालियन पुस्तकी, तिची बोली गावाकडची, त्यामुळे पहिल्या दिवशी आमचं संभाषण हातवाऱ्यांवरच चाललं. दुसऱ्या दिवशी ती करंज्या करायला बसली.

आई, खरंच करंज्या! इथे त्यांना काउचोनी म्हणतात. मैद्याची पारी, आत हरभरा शिजवून, वाटून, मध आणि दालचिनी घातलेलं सारण, आणि मग तळणी. म्हणजे पुरणच की! मी चमचाभर चाखून बघितलं, वेलदोडा-जायफळ नाही एवढाच फरक. नोन्ना कडा काट्यानं दाबून बंद करत होती. मी एक उचलली आणि तू शिकवलीस तशी मुरड घातली. तिनं चष्मा लावला, करंजी फिरवून फिरवून पाहिली आणि शेजारणीला हाक मारली. मग दुसऱ्या शेजारणीला. पुढच्या साठ-सत्तर करंज्या मलाच मुरडाव्या लागल्या. तुझ्यासमोर एवढा धीर मी कधी धरला नसता.

24 तारखेला मटण-चिकन चालत नाही, उपास असतो. पण एकादशी आणि दुप्पट खाशी हे इथेही लागू आहे! खारवून सुकवलेला मोठा मासा, बाक्काला, दोन दिवस पाणी बदलत भिजत घातला होता. तो टोमॅटोत शिजवला आणि थोडा तळला. शिवाय भज्यांसारखं तळण, भाज्या, अक्रोड, संत्री. आजी, घरभर सुकटीचा वास सुटला होता आणि कुणीही नाक मुरडलं नाही.

घराच्या कोपऱ्यात येशूजन्माचा देखावा मांडतात. जंगलातून शेवाळ आणायचं, दगडांचे डोंगर करायचे, आरशाच्या तुकड्याचं तळं. दिवाळीतला आपला किल्लाच! आपला मावळा कसा बुरुजापेक्षा उंच असायचा, तसा इथे कोंबडा घरापेक्षा मोठा आहे, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. गव्हाणी मात्र रिकामी होती. बाळ ठेवायचं ते 24 च्या मध्यरात्रीच, आणि घरातल्या सगळ्यात धाकट्यानं.

आता मुख्य गोष्ट. त्याच संध्याकाळी थोरली घंटा वाजू लागली आणि गावातले दिवे मालवले. रस्त्याच्या वरच्या टोकाकडून मशालींची रांग उतरू लागली. याला न्दोच्चाता म्हणतात. पांढऱ्या फर झाडाच्या फळ्या, वाळलेल्या झुडपाच्या काड्या घालून सुतळीनं घट्ट बांधलेल्या, उंची चार मीटरपर्यंत. काही एकेकट्या, काही पंख्यासारख्या जोडलेल्या, आणि जोडल्या तर संख्या नेहमी सम. काळी घोंगडी पांघरलेले बाप्ये तो सगळा डोलारा खांद्यावर पेलून जवळजवळ पळत येतात आणि मध्येच थांबून जागच्या जागी गरकन फिरतात. सासनकाठी नाचवताना माणसं मागे सरतात तशी गर्दी मागे सरली. मी सरले नाही, फोटो काढत होते. एक ठिणगी बाहीवर पडली. बाबा, तुम्ही घेऊन दिलेल्या निळ्या जाकिटाला रुपयाएवढं भोक पडलं आहे. हे फोनवर सांगितलं नव्हतं.

पूर्वी वस्त्यांवरचे शेतकरी अंधारातून मध्यरात्रीच्या प्रार्थनेला येताना या मशाली वाट दिसायला आणायचे. शेवटी सगळ्या एका जागी टाकून होळी करतात. तिथे दोन वाजंत्री उभे होते. एकाकडे कातड्याची फुगवलेली मशक, दुसऱ्याकडे सनईची बहीण शोभेल असं वाद्य. थोरला सूर धरतो, धाकटा चाल वाजवतो. डोळे मिटले असते तर भोरच्या देवळात आहे असंच वाटलं असतं. ही वाजवणारी माणसं मूळची मेंढपाळ.

आजी, हे सगळं गावच मेंढरांवर जगलेलं. थंडी पडायच्या आत मेंढरं घेऊन दक्षिणेला पुलियाच्या सपाट माळावर उतरायचं आणि मे महिना आला की परत डोंगरावर चढायचं. त्यांच्या वाटा अजून शिल्लक आहेत, काही दोनशे किलोमीटरहून लांब. बाबा, रुंदी ऐका: 111 मीटर! 1447 मध्ये नेपल्सच्या राजानं मेंढरांवर कर बसवला आणि बदल्यात हिवाळी चराई राखून दिली. त्या काळापासून या वाटांची मोजणी-राखणी चालत आली. आपल्या पाणंदीवरून धड बैलगाडी जात नाही आणि तुम्ही तहसिलीत खेटे घालता, म्हणून मुद्दाम लिहिलं. 2019 मध्ये या स्थलांतराची युनेस्कोनं वारसा म्हणून नोंद केली. तोवर कळप बहुतेक ट्रकमधून जायला लागले होते.

नोन्नाचे वडील असेच जायचे. तिच्या लहानपणी एकाही नाताळात ते घरी नव्हते. गावातले बाप बाहेर आणि सण बायकांनी करायचा. ती म्हणाली, "आम्हाला वाटायचं, नाताळ बायकांचाच असतो." मी तिला आपल्या धनगरांचं सांगितलं. दिवाळीनंतर ते कोकणात उतरायला निघाले की आपल्या खाचरात वाडा बसायचा, रात्रभर मेंढरं बसवली की खत व्हायचं आणि आजी सकाळी त्यांना मापानं तांदूळ घालायची. नोन्नानं विणकाम खाली ठेवून विचारलं, "त्यांची बायकामुलं गावी राहायची?" म्हटलं नाही, सगळा संसार घोड्यावर घालून बरोबरच, कोंबड्यासुद्धा. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, हे बरं आहे.

बाकीचं थोडक्यात. 25 ला चीजचे तुकडे, भाजलेला पाव आणि बोराएवढे खिम्याचे गोळे घातलेलं गरम सूप. रात्री तोंबोला, म्हणजे आपली हाउजी, दाण्यांऐवजी संत्र्याच्या सालीचे तुकडे. 22 म्हणजे वेडा, 90 म्हणजे भीती, अशी आकड्यांची नावं पुकारतात. मी दीड युरो हरले. काल घंटा ओतणाऱ्या मारिनेल्ली घराण्याचं संग्रहालय पाहिलं. शेकडो वर्षांचं काम, अजून मातीचा साचा आणि मेणाची नक्षी. धातू ओतताना मरियेची स्तोत्रं म्हणतात. भीमाशंकरला तुम्ही मला उचलून धरलं होतं ती पोर्तुगीज घंटा आठवली. मात्र यंदा बर्फ पडलाच नाही, एवढी हौस होती!

2 तारखेला बोलोन्याला परतते. जानेवारीत इथली एक मुलगी पुण्याला येते आहे, तिच्याबरोबर सामान पाठवीन. त्यात आजीसाठी लोकरीचे मोजे असतील. नोन्नानं एक पूर्ण केला आहे, पण माझ्या पायावर मापून, आणि आता तिला शंका आली आहे. तेव्हा आई, आजीच्या पायाचं माप सुतळीनं घे, टाचेपासून अंगठ्यापर्यंत, आणि सेंटिमीटरमध्ये कळव. दुसरा मोजा तिनं तोवर थांबवला आहे.

तुमची,
मनू